आकडा खरा, बातमी चुकीची: ठाणे-नवी मुंबईत आरोग्य बीटवर नव्याने आलेल्यांसाठी

आरोग्याच्या बातमीतला आकडा बहुतेक वेळा खराच असतो. कुणा अधिकाऱ्याने तो दिलेला असतो, प्रसिद्धीपत्रकावर नाव आणि तारीख असते. तरी बातमी फसते, कारण तो कितीपैकी, कुठला आणि कधीचा, हे बातमीत येतच नाही. बीटवर नवीन असताना एवढ्या तीन गोष्टी विचारायची सवय लागली तरी पुष्कळ. डॉक्टरांचे नंबर, कुठला वॉर्ड कुठल्या मजल्यावर, हे सगळं हळूहळू पाठ होतंच.

खाली दिलेला क्रम मी डेस्कवर नव्या मुलामुलींना सांगतो तो आहे. संध्याकाळी पान सोडायची घाई असते आणि सगळंच तपासायला वेळ नसतो. म्हणून ज्या चुका आपल्याकडे सर्वांत जास्त होतात, त्या आधी घेतल्या आहेत.

१. आधी हद्द विचारा

समजा पत्रकात लिहिलंय, "ठाण्यात डेंग्यूचे ८० रुग्ण". ठाण्यात म्हणजे कुठे? ठाणे महापालिकेच्या हद्दीत की ठाणे जिल्ह्यात? जिल्ह्यात ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर आणि मीरा-भाईंदर अशा सहा महापालिका आहेत आणि प्रत्येकीचा आरोग्य विभाग वेगळा. त्याशिवाय अंबरनाथ आणि बदलापूरच्या नगरपालिका. शहापूर, मुरबाडकडचा ग्रामीण भाग जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. जिल्हा शासकीय रुग्णालय पुन्हा जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. हे सगळे आपापल्या जागी बरोबर असलेले आकडे देतात, आणि आपण ते एका वाक्यात बेरीज करून टाकतो. कधीकधी तोच रुग्ण दोनदा मोजला जातो.

नवी मुंबईचा घोळ याहून मजेशीर आहे. नवी मुंबई महापालिकेची हद्द दिघ्यापासून सीबीडी बेलापूरपर्यंत. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे पनवेल महापालिकेत येतात. ती १ ऑक्टोबर २०१६ ला अस्तित्वात आली आणि तिचा जिल्हा रायगड. पण खारघरमध्ये राहणाऱ्याला विचारा, तो स्वतःला नवी मुंबईकरच सांगेल, आणि आपला बातमीदारही "नवी मुंबईत साथ पसरली" असंच लिहील. मग रुग्ण खारघरचे, प्रतिक्रिया बेलापूरच्या महापालिका मुख्यालयातल्या अधिकाऱ्याची, आणि लोकसंख्या कुठली ते कुणालाच माहीत नाही.

जुन्या वर्षांशी तुलना करत असाल तर आणखी एक तारीख लक्षात ठेवा: १ ऑगस्ट २०१४. त्या दिवशी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे कुपोषणासाठी वर्षानुवर्षं बातम्यांत असलेले तालुके तिकडे गेले. त्यामुळे २०१२ आणि २०१६ चे "ठाणे जिल्हा" या नावाखालचे आकडे शेजारी ठेवून कुणी सुधारणा दाखवत असेल, तर आधी नकाशा बघा. काही न करताही कागदावर फरक पडणारच होता.

लोकसंख्येचंही तेच. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या सुमारे १८.४ लाख आणि नवी मुंबईची सुमारे ११.२ लाख होती. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. दरम्यान घोडबंदर रोडला किती टॉवर उठले आणि दिव्यात किती माणसं वाढली, ते रोज लोकलने जाणाऱ्याला वेगळं सांगायला नको. "लाखामागे इतके रुग्ण" असा दर कुणी दिला की लोकसंख्या कुठल्या वर्षाची धरली ते विचारा आणि बातमीत लिहा. जुनी, कमी लोकसंख्या धरली तर दर फुगतो. अंदाजे वाढीव धरली तर उतरतो. दोन्ही बाजूंना आपल्या सोयीची लोकसंख्या निवडता येते, आणि निवडलीही जाते.

२. माणूस कुठे राहत होता आणि मृत्यू कुठे नोंदला गेला

आपल्याकडे जन्म-मृत्यूची नोंद घटना जिथे घडली तिथे होते. उरणचा रुग्ण वाशीत दगावला तर नोंद नवी मुंबईत. मोठी रुग्णालयं ज्या शहरात, तिथले मृत्यू जास्त दिसणार. म्हणून केवळ रुग्णालयातल्या आकड्यावरून शहराचं आरोग्य ठरवू नका.

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. बातमी खरी होती, गंभीर होती आणि पान एकवरच यायला हवी होती. चौकशीसाठी समितीही नेमली गेली. पण त्या दिवसांतल्या बऱ्याच बातम्यांत १८ हा आकडा एकटाच उभा होता. त्याच्या शेजारी काय हवं होतं? या रुग्णालयात एरवी दिवसाला सरासरी किती मृत्यू होतात. त्या दिवशी किती रुग्ण दाखल होते आणि त्यातले अतिदक्षता विभागात किती. दगावलेल्यांपैकी किती जण दुसऱ्या रुग्णालयांतून शेवटच्या अवस्थेत पाठवलेले होते. दाखल होऊन किती तास झाले होते. मुंब्रा, दिवा, भिवंडी, शहापूर अशा किती भागांतून तिथे माणसं येतात.

हे प्रश्न प्रशासनाची बाजू सावरायला नाहीत. रोजची सरासरी छापली तर १८ किती वेगळा आहे ते वाचकाला स्वतःला दिसतं, आणि "मोठं रुग्णालय आहे, मृत्यू होतातच" असं म्हणून हात झटकणं अवघड होतं. नुसता आकडा असला की खुलाशाला भरपूर जागा उरते.

३. संशयित की निश्चित

पावसाळ्यात हा प्रश्न रोज लागतो. डेंग्यूसाठी खासगी दवाखान्यांत बहुतेकदा झटपट किटवर चाचणी होते. सरकारी हिशेबात ती पॉझिटिव्ह आली तरी रुग्ण संशयित धरला जातो. निश्चित निदानासाठी एलायझा पद्धतीची चाचणी लागते. त्यामुळे एकाच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर "आपल्या कॉम्प्लेक्समध्ये वीस जणांना डेंग्यू" आणि महापालिकेच्या पत्रकात "प्रभागात निश्चित रुग्ण दोन" असं दिसू शकतं. यात कुणी लपवाछपवी करतंय असं लगेच धरून चालू नका, आणि करतच नसेल असंही नाही. संशयितांपैकी किती जणांचे नमुने एलायझासाठी गेले ते विचारा. नमुनेच गेले नसतील तर निश्चित रुग्ण कमी असणारच, आणि मग बातमी तीच आहे.

मृत्यूचंही असंच. "डेंग्यूने मृत्यू" लिहिण्याआधी मृत्यूच्या परीक्षणात कारण निश्चित झालं का ते विचारा. झालं नसेल तर "संशयित" हा शब्द मथळ्यातही ठेवा. मजकुरात आहे म्हणून मथळ्यातून काढू नका. निम्मे लोक मथळ्याच्या खाली उतरतच नाहीत.

४. तुलना कशाशी केली आहे

"मलेरियाच्या रुग्णांत महिन्याभरात तिप्पट वाढ". महिना जुलै असेल तर यात नवल काय? मे महिन्याशी जुलैची तुलना म्हणजे उन्हाळ्याशी पावसाळ्याची तुलना. गेल्या वर्षीचा जुलै घ्या, मिळाला तर त्याच्या आधीचाही. आणि रक्तनमुने किती तपासले ते दोन्ही वर्षांचं घ्या. यंदा घरोघरी ताप सर्वेक्षण जोरात झालं असेल तर रुग्ण जास्त सापडतील. ते काम चांगलं झाल्याचं लक्षण असू शकतं, आणि आपण त्याच लोकांना झोडपून मोकळे होतो.

छोट्या आकड्यांना टक्के लावू नका. गेल्या जूनमध्ये दोन रुग्ण, यंदा पाच, म्हणजे "१५० टक्के वाढ". गणित बिनचूक आहे, बातमी नाही. माझ्या डेस्कवर वीसच्या खाली टक्के चालत नाहीत, सरळ "दोनचे पाच" लिहायचं.

एका दिवसाच्या उसळीचाही भरवसा नको. १० जून २०२१ ला देशात एका दिवसात कोरोनाचे ६,१४८ मृत्यू जाहीर झाले आणि "आजवरचा उच्चांक" असे मथळे लागले. त्यात बिहारने फेरतपासणी करून एकदम नोंदवलेले ३,९५१ जुने मृत्यू होते. आपल्या राज्यानेही जून २०२० मध्ये असेच १,३२८ मृत्यू एका दिवशी मिळवले होते. ते मृत्यू खरेच झाले होते आणि आधी मोजले गेले नव्हते, ही फार मोठी बातमी होती. मथळ्याने मात्र "काल इतके गेले" असं सांगितलं. म्हणून जाहीर झाल्याची तारीख आणि घडल्याची तारीख नेहमी वेगळी विचारा.

५. "दुप्पट" दिसलं की थांबा

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण इथे नुसता गैरसमज होत नाही, माणसं निर्णय बदलतात.

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. दुप्पट म्हणजे किती? सात हजार स्त्रियांमागे एकीऐवजी दोघींना. हे "सात हजारांत एक" बातम्यांत मागे पडलं, "दुप्पट" पुढे आलं. हजारो स्त्रियांनी गोळ्या सोडल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३ हजार गर्भपात जास्त झाल्याचा अंदाज आहे. आणि गरोदरपणात गुठळ्यांचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्तच असतो.

२०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेल्या मांसाला पहिल्या गटात टाकलं. तंबाखूही त्याच गटात, म्हणून "सॉसेज सिगारेटइतकंच घातक" असे मथळे आले. तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो. धोका केवढा आहे ते सांगतच नाही. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, हा आकडा खरा. ब्रिटनसारख्या देशात आयुष्यभरात शंभरातल्या साधारण सहा जणांना हा कर्करोग होतो, तिथे ते सहाचे सात होतात. आपल्याकडे हा कर्करोग मुळातच कमी आढळतो, त्यामुळे तीच १८ टक्के वाढ आणखी लहान.

घरच्या उदाहरणाकडे येऊ. एप्रिल २०२४ च्या शेवटी बातमी आली की ॲस्ट्राझेनेकाने ब्रिटनमधल्या न्यायालयात मान्य केलं, त्यांच्या लसीमुळे अत्यंत दुर्मीळ प्रसंगी रक्तात गुठळ्या होऊन प्लेटलेट घटू शकतात. आपल्याकडची कोविशिल्ड हीच लस. दोन दिवस चॅनेलवर "कंपनीची कबुली" फिरत होतं. ज्यांनी २०२१ मध्ये डोस घेतले, ती माणसं तीन वर्षांनी डी-डायमर, म्हणजे गुठळ्यांसाठीची रक्तचाचणी, करायला लॅबमध्ये निघाली. तीन गोष्टी वेळेवर सांगितल्या असत्या तर हे झालं नसतं. एक, हा दुष्परिणाम नवा नव्हता, युरोपच्या औषध नियामकाने तो एप्रिल २०२१ मध्येच मान्य केला होता. दोन, तो दिसला तर डोसनंतरच्या काही आठवड्यांत दिसतो. तीन, किती. केंद्र सरकारने मे २०२१ मध्ये दिलेला दर दहा लाख डोसमागे ०.६१ होता, म्हणजे एक कोटी डोसमागे सहाच्या आसपास. त्याच निवेदनात ब्रिटनचा दर दहा लाखांमागे चार होता.

आता इथे उलट बाजूचाही खड्डा आहे. भारताचा दर ब्रिटनपेक्षा इतका कमी का? इकडे खरंच कमी झालं असेल, किंवा डॉक्टरांनी कळवलंच कमी असेल. कळवलेल्या घटनांवरून काढलेला दर कळवण्याच्या सवयीवरही अवलंबून असतो. लोकांना धीर द्यायच्या भरात "आपल्याकडे जवळपास शून्य" असं लिहिणं हीसुद्धा चूकच.

तर नियम असा: "इतक्या टक्क्यांनी वाढ", "दुप्पट", "निम्म्यावर" यांपैकी काही दिसलं की आधी किती होतं आणि आता किती, हे एकाच संख्येमागे लिहा. शंभरामागे, हजारामागे, लाखामागे, जे सोयीचं ते, पण दोन्हीकडे एकच. हे आकडे संशोधनाच्या बातमीत नसतील तर मूळ लेखाचा सारांश उघडा. बहुतेकदा तिथे असतात. तिथेही नसतील तर बातमी उद्यावर टाका, एका दिवसाने काही बिघडत नाही.

लसीच्या परिणामकारकतेचाही हाच घोळ. फायझरची लस ९५ टक्के परिणामकारक, याचा अर्थ शंभर लसवंतांपैकी पाच आजारी पडणार, असं कित्येकांनी समजावून सांगितलं. चाचणीत दोन्ही गटांत मिळून १७० जण आजारी पडले: लस घेतलेले ८, न घेतलेले १६२. प्रत्येक गट सुमारे १८ हजारांचा. ९५ टक्के म्हणजे लस न घेतलेल्यांच्या तुलनेत घट. शंभरातले पाच कुठून आले, देव जाणे.

६. एककं

हा भाग छोटा आहे पण लाज आणतो. इंग्रजी एजन्सीच्या कॉपीतलं मिलियन म्हणजे दहा लाख. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) अभ्यासातून देशात मधुमेहाचे १०१ मिलियन रुग्ण असल्याचा अंदाज आला, तो मराठीत १०.१ कोटी. घाईत त्याचे "१०१ लाख" होतात आणि नऊ कोटी माणसं गायब. कॉपीच्या समासात शून्यं मोजून लिहा.

अर्भकमृत्यू दर हजार जिवंत जन्मांमागे असतो, मातामृत्यू दर लाखामागे. महाराष्ट्राचा २०२० चा अर्भकमृत्यू दर १६ होता आणि २०१८-२० चा मातामृत्यू दर ३३. शेजारी ठेवून मातामृत्यू जास्त असं काढू नका. हजारी १६ म्हणजे लाखामागे १,६००.

टक्क्यांचे टक्के काढू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमधला रक्तक्षय ५३.१ टक्क्यांवरून ५७ टक्क्यांवर गेला. याला कुणी सरळ वजाबाकी करून चार टक्के वाढ म्हणेल, कुणी आधीच्या ५३.१ च्या तुलनेत सात. दोन्ही टोकं लिहिली की वाद मिटतो.

७. कुणाला विचारलं, कुणाला तपासलं

नगरसेवकाचं किंवा इच्छुकाचं मोफत आरोग्य शिबिर हा आपल्या भागातला बारमाही पदार्थ आहे. मंडप, खुर्च्या, फ्लेक्स, एका टेबलावर वजनकाटा, दुसऱ्यावर ग्लुकोमीटर. संध्याकाळी पत्रक: "तपासलेल्या ४०० पैकी १३० जणांना मधुमेह, तरुणांनाही विळखा". आता त्या रांगेकडे बघा. सकाळी दहा वाजता शिबिराला कोण येतं? निवृत्त मंडळी, आधीच गोळी चालू असलेली, "फुकट आहे तर साखर बघून घेऊ" म्हणणारी. ऑफिसला गेलेला तिशीचा माणूस त्यात नाही. त्यात बोटाला सुई टोचून घेतलेली ती एक साखर, तीही नाश्त्यानंतर. त्यावरून निदान होत नाही, पुढच्या तपासणीची गरज कळते. यावरून "दर तिसरा ठाणेकर मधुमेही" असा मथळा काढणं म्हणजे केईएमच्या ओपीडीत उभं राहून मुंबई आजारी आहे असं जाहीर करणं. शिबिराची बातमी द्यायचीच असेल तर विचारा: किती जणांचं निदान आज पहिल्यांदा झालं, किती जणांना आधीच माहीत होतं, आणि पुढच्या तपासणीला किती जणांना कुठे पाठवलं. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर तीच बातमी.

मोठी सर्वेक्षणंही वाचावी लागतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत हजार पुरुषांमागे १,०२० स्त्रिया निघाल्या आणि "देशात आता स्त्रिया जास्त" असे मथळे झळकले. सर्वेक्षणात आदल्या रात्री घरात कोण होतं ते मोजतात. कामासाठी गाव सोडून दिव्यात, भिवंडीत खोली करून राहणारा पुरुष गावच्या घरातून वजा होतो, आणि दहा जणांची ती खोली नमुन्यात "कुटुंब" म्हणून सहजी सापडत नाही. त्याच अहवालात जन्माच्या वेळचं प्रमाण हजार मुलांमागे ९२९ मुली असं होतं. मुलींचे गर्भ पाडले जातात की नाही हे तो दुसरा आकडा सांगतो, आणि मथळ्यात तो नव्हता.

"भारतात नऊपैकी एकाला कर्करोग" हा २०२२ च्या अंदाजावरचा मथळाही असाच. तो ७४ वर्षांपर्यंतच्या आयुष्यातला धोका आहे. त्या वर्षी लाखामागे सुमारे १०० नवे रुग्ण धरले होते. वाचक आपल्या मजल्यावरची नऊ माणसं मोजतो, म्हणून "आयुष्यभरात" हा शब्द मथळ्यातून गाळू नका.

८. मथळा तुम्हीच सुचवा

बातमीदार मथळा लावत नाही हे मान्य. पण कॉपीच्या वर एक मथळा लिहून पाठवला तर थकलेला उपसंपादक तो निम्म्या वेळा तसाच घेतो. त्यात कितीपैकी ते बसवा. बसत नसेल तर आकडाच काढा आणि घटना लिहा.

आपल्या हद्दीतल्या ठरावीक आकड्यांचं एक पान वहीत करून ठेवा: गेल्या तीन वर्षांचे महिनावार डेंग्यू-मलेरिया, मोठ्या सरकारी रुग्णालयांतले रोजचे सरासरी दाखल रुग्ण आणि मृत्यू, महापालिका वापरते ती लोकसंख्या. पावसाळ्याच्या आधी, अधिकाऱ्यांना वेळ असतो तेव्हा, हे मागून घ्या. साथ सुरू झाल्यावर कुणी फोन उचलत नाही.

आणि चूक छापली गेलीच तर दुरुस्ती त्याच जागी, तेवढ्याच ठसठशीत अक्षरांत. आधी काय छापलं होतं आणि बरोबर काय, दोन्ही लिहा. वेबवर गुपचूप आकडा बदलून गप्प बसू नका. चुकीच्या मथळ्याचं ग्राफिक कार्ड एव्हाना शंभर ग्रुपवर गेलेलं असतं आणि ते आपल्याला मागे घेता येत नाही. त्याच रंगाचं, त्याच फोटोचं नवं कार्ड करा, वर मोठ्या अक्षरात "दुरुस्ती" लिहा आणि त्याच ग्रुपांवर टाका.